टायरनं तुमचं काय घोडं मारलंय?

गाडीचं मागचं चाक घसरलं की आपल्याकडे निकाल तयार असतो. टायर बदला. पुरावा नको, साक्षीदार नको, आणि आरोपीला तर तोंडच नाही. तो बिचारा चिखलात, डिझेलात, खडीत आयुष्य काढतो आणि एक दिवस त्याला काढून पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर रचतात. मला याचा मनापासून राग आहे. आज तो राग लिहून काढणार आहे. मी भाषा शिकवण्यात जन्म काढला, मोटारीतलं मला काय कळतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आळ आणि निदान यातला फरक कळायला इंजिनियर असावं लागत नाही.

झालं असं. दिघी-आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. सकाळच्या फेरीत मी तिथे दहा-पंधरा मिनिटं टेकतो. तो स्टुलावर फडकं मारून मला बसवतो, चहा मागवतो आणि हातातलं काम न थांबवता बोलत राहतो. या पावसाळ्याच्या तोंडावर तिथे एक गाडी आली. जर्मन, दोन दारांची, जुनी घेतलेली, पण ताकद अशी की नुसती चालू केली तरी समोरच्या किराणा दुकानाचं शटर थरथरावं. मालक तरुण. जमिनीला आलेल्या भावातून गाडी आली होती, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. तक्रार एकच : "दादा, रेस दिली की मागून शेपूट हलवती. पकडच नाही."

त्यानं आधीच दोनदा मागचे टायर बदलले होते. पहिल्यांदा तसेच, दुसऱ्यांदा आणखी रुंद. दोन्ही वेळचे मिळून लाखाच्या वर गेले होते. आता तिसऱ्यांदा कोणत्या कंपनीचे टाकू, एवढंच त्याला विचारायचं होतं.

माझ्या विद्यार्थ्यानं उत्तर दिलं नाही. त्यानं प्रश्न विचारले. एक चाक फिरतं की दोन्ही? कितव्या गिअरला? रस्ता कोरडा असतो की ओला? सरळ जाताना की वळताना? टायरात हवा कुणी भरली आणि किती? जुने टायर कुठे आहेत?

शेवटच्या प्रश्नावर मालक हसला. "जुने टायर काय करायचेत? टाकले दुकानातच."

इथे मला राहवलं नाही. अहो, ज्याच्यावर आरोप आहे त्याचा जबाबच तुम्ही भंगारात घातलात की! टायर वाचता येतो, मंडळी. मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. आतलीच एक कड गुळगुळीत झाली असेल तर चाक सरळ उभंच नाही किंवा सरळ चालतच नाही. नक्षीवरून तळहात फिरवला आणि एका बाजूनं मऊ, उलट बाजूनं करवतीसारखं लागलं, तर ते चाक गाडीबरोबर पुढे जात असताना थोडं आडवंही फरपटत होतं. कडेला चार आकडे असतात, २३१८ असे काहीतरी. म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. नक्षी नवीकोरी आणि जन्म आठ वर्षांपूर्वीचा, असे टायर या शौकाच्या गाड्यांना पुष्कळ असतात, कारण त्या वर्षातले अकरा महिने झाकून ठेवलेल्या असतात. रबर कडक झालेलं असतं. वरून सगळं शाबूत, आतून म्हातारं. (या बाबतीत मी अनुभवानं बोलू शकतो.) तेव्हा टायर कधीच दोषी नसतो असं माझं म्हणणं नाही. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की मोटारीचा टायर कायद्यानंच बाद आहे, गोटा झालेल्या टायरची वकिली मी करणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की आधी वाचा आणि मग शिक्षा करा.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. कितव्या गिअरला? हा प्रश्न मला फार आवडला. घरी येऊन मी वहीत आकडेमोड केली. (विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा, घर्षणाचा धडा तेव्हापासून पाठ आहे.) समजा गाडी १६०० किलोची आहे. जोरात निघताना वजन मागे रेलतं, म्हणून मागच्या दोन चाकांवर ९६० किलो धरू. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.९ धरला, तर ते दोन टायर सुमारे ८६० किलोचा रेटा सोसतील. त्यापुढे घसरतील. आता इंजिन काय देतं ते पाहू. अशा गाडीचं पीळ देण्याचं बळ ५१ किलोग्रॅम-मीटर सहज असतं. पहिल्या गिअरला ते गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून बारापट होतं असं धरलं आणि चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर, तर रस्त्यावर रेटा येतो सुमारे १८५० किलो. टायर सोसणार ८६०, इंजिन देणार १८५०! दुसऱ्या गिअरला सातपट धरली तर १०८० च्या आसपास. तिसऱ्याला पावणेपाच-पाचपट धरली तर पावणेआठशेच्या आत. वाटेत थोडं बळ वाया जातं ते मी सोडून दिलंय, पण हिशोबाचा अर्थ बदलत नाही.

अर्थ असा की पहिल्या गिअरला पाय पूर्ण दाबल्यावर अशा गाडीचं मागचं चाक जागच्या जागी फिरलं, तर तो बिघाडच नाही. तो गुणाकार आहे. जगातला कितीही महाग टायर आणा, तो गुणाकार काही बदलत नाही. पावसात घर्षणांक ०.५ वर आला की तेच टायर जेमतेम ४८० किलो सोसणार. म्हणजे तिसऱ्या गिअरलाही पाय हलकाच हवा. पण कोरड्या, स्वच्छ, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरला मागचं चाक सुटत असेल, तर मात्र काहीतरी खरंच बिघडलंय. एका साध्या प्रश्नानं दुखणं आणि दुखण्याचा भास वेगळे निघतात. हा प्रश्न त्या मालकाला टायरच्या दोन दुकानांत मिळून चार माणसांपैकी एकानंही विचारला नव्हता.

मालक म्हणाला, "तिसऱ्याला पण सुटती. कोरड्यात. सरळ जाताना."

मग गाडी वर घेतली. टायरात हवा निघाली ४२, गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिली होती ३६. रुंद टायरला जास्त हवा लागते असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. फुगलेला टायर फुग्यासारखा मधल्या पट्ट्यावर उभा राहतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. रुंदीसाठी मोजलेले पैसे त्या सहा पौंड हवेत उडाले. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हे पावसाळ्याच्या तोंडावर कुणी सांगायचं?

पण खरं दुखणं वेगळंच होतं. माझ्या विद्यार्थ्यानं मागच्या डाव्या चाकाच्या आडव्या दांड्याला टॉमी लावून हलकेच उचललं आणि मला म्हणाला, "सर, इकडे बघा." दांड्याच्या टोकाला रबराचा बुश असतो, मुठीत मावेल एवढा. तो फाटला होता. चाक हातानं हलवलं तर खेळ जाणवत होता. उभी असताना गाडी सरळ, पण रेटा आला की ते चाक बोटभरही नाही, गव्हाच्या दाण्याएवढं बाहेर वळायचं. तेवढंच पुरतं. टायरची पकड एका ठरावीक मापाची असते. ती आडवं फरपटण्यात खर्च झाली तर पुढे ढकलायला उरत नाही. बसवलेल्या टायरांवरून त्यानं माझा हात फिरवला. दोन महिन्यांचे टायर, आणि डाव्याची आतली कड साफ झाली होती. लिहिलेलं सगळं तिथेच होतं. वाचणारा नव्हता.

आणखी एक. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं एक पिवळं चित्र लुकलुकतं. चाक सुटतंय असं कळलं की गाडी आपणहून इंजिनाचं बळ कमी करते, सुटलेल्या चाकाला ब्रेक लावते आणि तो दिवा लावून तसं सांगते. मालकाला तो दिवा त्रासदायक वाटायचा, म्हणून बटण दाबून त्यानं ती सोयच बंद ठेवली होती. साक्षीदार बोलतोय म्हणून त्याला कोर्टाबाहेर काढण्यासारखं झालं हे!

"एक चाक की दोन्ही" या पहिल्या प्रश्नाबद्दलही दोन शब्द. याचं उत्तर आमच्या दिघीच्या जुन्या शेतकऱ्याला विचारा. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गेलं की तेच गरगरा फिरतं आणि कोरड्या जागेवरचं दुसरं चाक ढिम्म उभं राहतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखंच बळ देतं, आणि एकाला जमिनीनं धरलंच नाही तर दुसऱ्यालाही तेवढंच, म्हणजे जवळजवळ शून्य. म्हणून ट्रॅक्टरला लॉकचं पॅडल असतं. जोरदार मोटारींपैकी काहींच्या डिफरन्शियलमध्ये याच कामासाठी क्लचसारख्या चकत्या असतात आणि त्या झिजतात. रस्त्यावर एकच काळी रेघ उठत असेल तर आधी तिकडे बघावं, दोन उठत असतील तर दुसरीकडे. ज्यानं भात लावणीत ट्रॅक्टर घातलाय त्याला हे सांगावं लागत नाही. ऐंशी लाखांच्या गाडीच्या मालकाला मात्र सांगावं लागतं.

हे मी एका स्नेह्यांना सांगितलं तर ते उसळले. "तुम्हाला या श्रीमंतांच्या खेळण्यांशी काय देणंघेणं? घसरू देत. मेले तर आपल्या कर्मानं मरतील." मग त्यांनी कल्याणीनगरची आठवण काढली. १९ मे २०२४ च्या पहाटे तिथे पोर्श गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनियरांना उडवलं, गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात होती असं पोलिसांनी सांगितलं, आणि जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. (निबंध ही शिक्षा आहे, हे जन्मभर निबंध तपासूनही मला ठाऊक नव्हतं.) स्नेह्यांचा संताप मला समजतो. पण त्यांच्याच बोलण्यात त्यांच्या म्हणण्याचं उत्तर आहे. मेले ते गाडीतले नव्हते. आमच्या या रस्त्यावरून ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघालेली माउलींची पालखी दुसऱ्या दिवशी पुण्याकडे जाते. लाखो पावलं याच डांबरावरून चालतात. एरवीही सकाळी कंपनीची बस धरायला धावणाऱ्या बायका, दप्तरं घेतलेली पोरं, भाजीचे टेंपो, सगळं याच रस्त्यावर असतं. वळणावर कुणाच्या तरी टेंपोतून सांडलेलं डिझेल असतं, डंपरमधली खडी असते, पहिल्या पावसात त्याचा साबण होतो. तिथे कुणाच्या गाडीचं शेपूट हललं तर ते त्याच्या एकट्याच्या कर्माचं प्रकरण राहत नाही.

आणि हा रोग फक्त श्रीमंतांचा आहे हेही खरं नाही. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. आठवा, पहिली बातमी काय आली होती? टायर फुटला. चालकानंच तसं सांगितलं होतं. पुढे अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात आलं की टायर फुटल्याच्या खुणाच तिथे नाहीत. पण तोवर टायर फुटल्याचं घरोघरी झालं होतं, आणि अहवाल वाचायला कुणाला सवड होती? टायरवर ढकललं की माणूस सुटतो, झोप सुटते, वेग सुटतो, सगळेच सुटतात.

परदेशात शहाणे आहेत असंही समजू नका. अमेरिकेत १९६० च्या मॉडेलपासून शेवरोलेची कॉर्व्हेअर नावाची मागे इंजिन असलेली गाडी आली. तिच्या पुढच्या टायरांत १५ आणि मागच्यांत २६ पौंड हवा ठेवा असं कंपनीचं सांगणं होतं. पुढेमागे एवढा फरक ठेवायचा असतो हे किती पंपवाल्यांना ठाऊक असणार? राल्फ नाडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात पहिलं प्रकरण याच गाडीवर लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की मागच्या चाकांच्या जोडणीतलं न्यून टायरच्या हवेवर आणि गाडीमालकावर ढकललं होतं. १९७२ साली सरकारी तपासणीनं ती गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोक्याची नव्हती असं म्हटलं, तेही सांगायला हवं. पण कंपनीनं तोवर मागची जोडणी बदलून टाकली होती. टायर तेच गोल आणि काळे राहिले.

आमच्या भागाला लोक कौतुकानं मोटारींची पंढरी म्हणतात. टेल्कोत बाप, चाकणला मुलगा, अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. चाकणला मर्सिडीज जोडल्या जातात, चाकणला टायरचा कारखाना आहे, भोसरीजवळ नाशिक फाट्याला रस्ता-वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय गाड्या तपासते. एवढं ज्ञान दहा-वीस मैलांत साठलेलं. आणि रस्त्यावरच्या माणसाला मिळणारा सल्ला कोणता? टायर बदला.

यामागे पैसा आहे, दुसरं काही नाही. टायर विकला की दुकानदाराला मिळतात. दोष शोधून काढला तर काय मिळतं? डॉक्टरनं नाडी पाहून "काही झालेलं नाही, पाणी प्या" म्हटलं तरी आपण निमूट फी ठेवतो. मिस्त्रीनं दोन तास गाडीखाली झोपून बुश शोधला तर आपण म्हणतो, "बघायचे कसले पैसे?" भागाचे पैसे द्यायला आपण तयार, अकलेचे द्यायला नाही. मग गॅरेजवाल्यानं भागच विकावेत यात नवल काय? जो न शोधता विकतो तो बंगला बांधतो, जो शोधतो तो स्टूल पुसतो.

इथे एक कबुली देऊन टाकतो, कारण तिच्याशिवाय हे लिहिणं लबाडीचं होईल. हा विद्यार्थी आठवीत माझ्या वर्गात होता. फळ्यावरचं वाचायला उभा केला की अडखळायचा. मी त्याला वर्षभर मागच्या बाकावर ठेवला आणि हातावर छड्याही दिल्या. वाचनात ढ, असा शेरा माझ्याच अक्षरात आहे. नववीत त्याला चष्मा लागला. मागच्या बाकावरून त्याला फळाच दिसत नव्हता. त्यानं याचा कधी उच्चार केला नाही, चहा मात्र रोज मागवतो.

तर त्या दिवशी त्यानं मालकाला सांगितलं : हा बुश बदलू, अलाइनमेंट करून घेऊ, हवा ३६ करू, ते बटण चालू ठेवा, टायर आहेत तेच चालतील. बुश आणि मजुरी मिळून साडेसहा हजार होतील. मालकाच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसेल असं वाटलं होतं. दिसला अपमान. "एवढ्या मोठ्या गाडीला एवढासा रबराचा तुकडा? काय बोलता दादा!" गाडी खाली घ्यायला लावली, बघायचे पैसे विचारलेही नाहीत, आणि रस्त्याला लागताना एकदा मुद्दाम रेस देऊन गेला. मागे रस्त्यावर दोन काळ्या रेघा राहिल्या. डावी थोडी वाकडी होती.

परवा मी गॅरेजवर गेलो तर तीच गाडी उभी. तिसऱ्यांदा नवे टायर, आणखी नामांकित कंपनीचे. विद्यार्थ्यानं काही न बोलता माझा हात धरून डाव्या चाकाच्या आत नेला. आतली कड झिजायला लागली होती. मालक बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फोनवर कुणाला तरी सांगत होता, की ही कंपनी पण बंडल निघाली.

"सर, काय करू?" त्यानं हळूच विचारलं.

मी म्हटलं, "बघायचे हजार रुपये आधी हातावर घे. मग टॉमी काढ."